आकडा जुळला नाही की पाइप थांबवा

ब्लोआउट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आगीचे लोळ येतात. 1982 साली बॉम्बे हायवर ‘सागर विकास’ रिगची विहीर उसळून पेटली, ते किस्से जुने ड्रिलर रंगवून सांगत. पण सुरुवात बहुधा बॅरल-दीड बॅरलच्या तफावतीने होते, आणि तीही कित्येकदा पाइप बाहेर काढताना.

आमच्या रिगवर तसंच झालं. रात्रपाळीत ट्रिपिंग, म्हणजे विहिरीतून पाइप बाहेर काढणं, चालू होतं. पाच इंची पाइपचे पाच स्टँड निघाले की लोखंडाची रिकामी झालेली जागा भरायला विहिरीने साडेतीन बॅरलच्या आसपास मड, म्हणजे वायूला दाबून धरणारा जड द्रव, घ्यायला हवा. हे मोजणारी ट्रिप टँक दोनच दाखवत होती. उरलेली जागा वायूने भरली होती. पाइप घाईने ओढला की तळाशी पिचकारीच्या दट्ट्यासारखी ओढ लागते आणि खडकातला वायू आत येतो. यालाच आम्ही स्वॅबिंग म्हणतो.

मड लॉगिंगचा पोरगा फोनवर म्हणाला, “सर, विहीर कमी घेतेय.” ड्रिलरचं उत्तर तयार होतं: “टँकचा फ्लोट अडकला असेल.” फ्लोट अडकतोही अधूनमधून, म्हणून तर असं उत्तर सहज खपतं. आणखी पाच स्टँड निघाले, तफावत वाढली. तेव्हा टूलपुशरने काम थांबवलं. पाइप स्थिर, तरी टँकची पातळी चढत होती. सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला, पाइपभोवती आवळणारा ॲन्युलर बंद केला. मग दाबाखालीच पाइप परत तळाशी नेऊन चोकमधून वायू बाहेर काढला. निभावलं.

20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर निभावलं नाही. विहीर गळत नाही ना हे तपासणाऱ्या निगेटिव्ह टेस्टमध्ये किल लाइनवर शून्य आणि ड्रिल पाइपवर 1400 पीएसआय. दोन्ही नळ्या एकाच विहिरीत उघडत असताना हे दोन आकडे एकत्र नांदूच शकत नाहीत. तिथेही स्पष्टीकरण सापडलं, ‘ब्लॅडर इफेक्ट’. अकरा माणसं गेली. विहीर बंद करणारा बीओपी होता की! पण तो बंद करायला घेतला तोवर वायू त्याच्या वर, रिगकडे जाणाऱ्या राइझर पाइपमध्ये शिरला होता.

म्हणून नव्या पोरांना सांगतो, कारण नंतर शोधा. आधी थांबा, फ्लो चेक करा. वाहत असेल तर कुणाला न विचारता विहीर बंद करा. वाहत नसली तरी ‘चला पुढे’ म्हणू नका. स्वॅब झालेला वायू तळाशी दाबून बसलेला असतो आणि वर येताना शेकडो पट फुगतो. तळाशी परत जा, बॉटम्स-अप घ्या, म्हणजे तळाचं मड वर येईपर्यंत फिरवा. कंपनी मॅन वेळेवरून कुरकुरेल, कुरकुरू द्या. दर काही स्टँडला मडचा आकडा लिहायची ट्रिप शीट पाळी संपताना एकदम भरणाऱ्याला मी फ्लोअरवर ठेवत नसे.

आणि विहीर बंद करायच्या सरावाची ड्रिल! जेवणाआधी घोषणा करून घेतलेली ड्रिल म्हणजे नुसती कागदपत्रं. पहाटे तीनला, पाइप अर्धा बाहेर असताना, न सांगता घ्या आणि सेफ्टी व्हॉल्व्हची चावी किती वेळात सापडते ते घड्याळ लावून बघा.