परसातला दगड जीवाश्म आहे का?

पोरी, वाडीत खड्डा खणताना निघालेले दगड तू फेकले नाहीस, हे फार बरं केलंस. आता भिंग हाती घेण्याआधी एवढं विचार: हा दगड इथलाच की बाहेरून आणलेला? नागाव-अक्षीकडच्या वाड्यांत भराव ट्रकने येतो, फरशी शहाबादची असते, आणि जैसलमेरच्या काही पिवळ्या दगडांत तर खरेच प्राचीन शिंपले असतात. म्हणून जुन्या माणसांना आधी विचार, तिथे भर कधी घातली होती का.

आपला काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात हाड दिसलं असं वाटलं, तर आधी शंका घे. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पुढे झिरपत्या पाण्यातली खनिजं त्या पोकळ्यांत साचली. तीच आपली गारगोटी. पोकळी लांबट, नळीसारखी असली की लोक तिला हाड किंवा अळी समजतात. दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर ती बहुधा मँगनीजची. ती चिरेच्या पृष्ठभागावरच पसरलेली असते आणि पानाला असते तशी मधली शीर तिला नसते.

गोल धोंडा सापडला की अंड्याची आशा वाटते. कातळ झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, एकाखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा. अंड्याला मात्र कवच असतं ते पातळ, आणि आतला गाभा त्याहून वेगळा दिसतो. तरी गोल दगड मुळीच अंडं नसतो असं म्हणू नकोस. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावी 'काकड भैरव' म्हणून पुजले जाणारे गोळे डायनोसॉरची अंडी निघाली. पण तिथे लाव्हाच्या खालचे जुने गाळाचे थर उघडे पडले आहेत. आपल्या किनाऱ्यावर तसे नाहीत.

आपल्याकडे शिंपले सापडतात ते करलात. किनाऱ्यावरची वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चुन्याने सांधून बनलेला तो दगड. वय काही हजार वर्षं, शिंपलेही आजच्यासारखेच. लिंबू पिळलंस तर फेस येतो. पण नुसत्या फेसावर विसंबू नकोस: कातळातला कॅल्साइटही फेसाळतो, आणि चौल-रेवदंड्याच्या जुन्या भिंतींतला चुनाही. खाडीकाठच्या दगडाला चिकटलेली कालवं तर अलीकडचीच.

मग खूण कसली धरायची? वाढीची. शिंपल्यावर वाढीच्या रेषा असतात, त्यांचं अंतर नेमाने बदलत जातं. हाड तुटलं तर आत बारीक जाळी दिसते. हे डोळ्यात भरायला देव्हाऱ्यातला शाळिग्राम पाहा. गंडकीच्या पात्रातला तो बहुधा अमोनाइट, काही कोटी वर्षं आधी समुद्रात राहिलेला जीव. पूजेतल्याला धक्का लावू नकोस, फक्त त्याचं चक्र निरख. एकेक वळसा कसा क्रमाने मोठा होत जातो ते पाहिलंस की गारगोटीतल्या वेड्यावाकड्या आकारांना तू फसणार नाहीस.

काळ्या कातळाच्या बाबतीत मात्र एक अपवाद लक्षात ठेव. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी तळ्याचा गाळही साचला. वरळीला तशा थरात बेडूक सापडले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. म्हणून काळ्या कातळाच्या मध्येच करडा, पातळ पापुद्र्यांचा मऊ दगड लागला, तर फावडं तिथेच थांबव.

आणि कोरीव खुणा, अक्षरं किंवा गाढवाची आकृती दिसली तर तो जीवाश्म नव्हे, पण किंमत कमी नाही. अक्षीचा शके ९३४ चा मानला जाणारा शिलालेख अशाच दगडावर आहे. तो हलवू नकोस, तहसीलदारांना कळव.

हातोडीने फोडू नकोस, आम्लाने धुऊ नकोस. शेजारी नाणं ठेवून फोटो काढ. कुठल्या कोपऱ्यात, किती खोल आणि कधी सापडला ते चिठ्ठीवर लिहून दगडासोबत ठेव, कारण जागा विसरली की अभ्यासकाला त्याचा निम्मा उपयोग उरत नाही. मग एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत विचार. पुढच्या वेळी मी आलो की ती करड्या रंगाची चकती आधी दाखव. तू पाठवलेल्या फोटोत तिच्यावर रेषा आहेत असं वाटलं.