दुकानातला बेस घरी का येत नाही

हाय-फाय शोरूममध्ये डेमो सुरू झाला की कुठली गाणी वाजणार हे आधीच सांगता येतं. ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं १९९४ सालचं लाइव्ह रूप, सुरुवातीच्या त्या घुमणाऱ्या तालवाद्यासकट. मग नोरा जोन्स, मग डायना क्रॉल. एक सुंदर गळा, एक पियानो, एक डबल बेस आणि वाद्यावाद्यांमध्ये भरपूर मोकळी जागा. या संगीताबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ते कुठल्याही बऱ्या स्पीकरवर छान वाजतं आणि म्हणूनच दुकानात तेच लावतात. रॉक ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यातून काही कळत नाही.

मी हे पैसे मोजून अनुभवलं आहे आणि राग अजून गेलेला नाही. दुकानाचं नाव देत नाही, घेतलेल्या स्पीकरच्या जोडीचंही नाही. गिऱ्हाईक अडाणी असलं की फसतं, असा एक समज आहे. मी तर पहिल्याच भेटीत सगळं स्पष्ट सांगितलं होतं: हॉल दहा बाय बारा, ॲम्प्लिफायर पन्नास वॅटचा, टॉवर ठेवायला जागा नाही, आणि ऐकायचं ते लेड झेपेलिन, एसी/डीसी, मेटॅलिका, रेज अगेन्स्ट द मशीन. त्यावर मालक म्हणाले, "रॉकला काय सर, कुठलेही स्पीकर चालतात." ते वाक्य मला तिथल्या तिथे खटकलं होतं.

कुठलेही चालत नाहीत. १९७१ साली लेड झेपेलिननं चौथ्या अल्बमसाठी 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गाणं इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात मुद्रित केलं. जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या उंच दालनात मांडले होते आणि मायक्रोफोन वरून खाली सोडले होते. त्या दालनाची सगळी उंची ठोक्यात उतरली आहे. नीट स्पीकरवर पहिल्या दोन ठोक्यांतच आपल्या हॉलचं छत वर गेल्यासारखं वाटतं. दम नसलेल्या स्पीकरवर तोच ठोका पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा येतो.

याचा हिशेब सोपा आहे. साध्या ट्यूनिंगमधल्या गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते, बेस गिटारची ४१ हर्ट्झवर. किक ड्रमचा धक्का साधारण ५० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. आता छोट्या स्पीकरचं माहितीपत्रक बघा. केफचा २०१२ साली आलेला एलएस५० हा नावाजलेला स्पीकर आहे आणि त्याची कीर्ती खोटी नाही. पण कंपनीनंच दिलेल्या आकड्यांनुसार तो तीन डेसिबलच्या मर्यादेत ७९ हर्ट्झपर्यंतच उतरतो. म्हणजे बेस गिटारचं खालचं जवळजवळ पूर्ण सप्तक तिथून पुढे उतरणीला लागलेलं. वरचे स्वरांश ऐकून आपला मेंदू मूळ सूर ओळखतो, त्यामुळे चाल कळते. वजन मात्र मिळत नाही, आणि रॉकमध्ये वजन हाच अर्धा ऐवज आहे.

डेमोत मात्र वजन होतं. त्या पाच इंची जोडीतून असा भरीव बेस येत होता की मी मुद्दाम विचारलं, "हा आवाज फक्त या दोघांचाच ना?" मालकांनी मान डोलावली. मी माझी गाणी लावायला सांगितली तेव्हा "फोनवरून क्वालिटी येत नाही सर" असं म्हणून विषय टाळला. ॲम्प कोणता आहे विचारलं, तर "तुमच्यासारखाच" एवढंच उत्तर मिळालं.

शंका काढली की उत्तर तयारच असे. छोट्या पेटीबद्दल बोललो तर बीबीसीचा दाखला आला. तो दाखला खरा आहे, पण अर्धाच. बीबीसीच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एलएस३/५ए घडवला तो बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतल्या अरुंद जागेसाठी, तिथे बसलेल्या माणसाला मुख्यतः निवेदकाचा आवाज नीट तपासता यावा म्हणून. पाच लिटरच्या आसपासची बंद पेटी, संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक ताकदीवर निघणारा आवाज, ८३ डेसिबलच्या आत. माणसाचा गळा त्यावर अप्रतिम येतो. 'बॅक इन ब्लॅक' मोठ्यानं वाजवण्यासाठी तो कुणी बनवलाच नव्हता.

मग स्टुडिओचा दाखला: "सर, जगातलं रॉक छोट्याच स्पीकरवर मिक्स होतं." हेही अर्धंच. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणून बाजारात आला, फारसा कुणाला आवडला नाही आणि पुढे त्याच्या पांढऱ्या कोनसकट जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. बॉब क्लियरमाउंटनसारख्या मिक्सिंग इंजिनिअरनं त्याला नाव मिळवून दिलं. त्याचा तीव्र ट्वीटर सोसावा म्हणून समोर टिश्यू पेपर चिकटवायची पद्धत पडली होती. इंजिनिअर तो वापरत कारण त्यावर मिक्समधले दोष लपत नसत. खालच्या पट्टीसाठी त्याच खोलीत भिंतीत बसवलेले मोठे मॉनिटर असत. ही दुसरी गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

जोडी घरी आली. पहिल्या संध्याकाळपासून बेस नव्हता. जागा बदलून पाहिल्या, तारा तपासल्या. दुकानात फोन केला तर सल्ला मिळाला, "दोनशे तास वाजू द्या सर, कोन मोकळा होईल." इथे सावध व्हा. नव्या वूफरच्या कडेचं रबर आणि मागचा कापडी आधार सुरुवातीला थोडा सैल होतो, हे खरं. पण त्यानं पेटीचं आकारमान वाढत नाही आणि स्पीकर एक सप्तक खाली उतरत नाही. हा सल्ला ऐकण्याबाबत नसतो, परतीच्या मुदतीबाबत असतो. रोज दोन-तीन तास ऐकणाऱ्याचे दोनशे तास होईपर्यंत मुदत उलटलेली असते. माझी उलटली.

शेवटी तक्रार घेऊन पुन्हा शोरूममध्ये गेलो. मालकांनी शांतपणे तीच जोडी लावली, तेच गाणं, आणि बेस पुन्हा जसाच्या तसा. "बघा, स्पीकरमध्ये काही दोष नाही. तुमच्या खोलीचा प्रॉब्लेम आहे." मी उठून स्पीकरजवळ गेलो आणि वूफरसमोर तळहात धरला. कोन जेमतेम हलत होता. पायाखालची लाकडी फळी मात्र थरथरत होती. पाच इंची कोन न हलता फरशी हलवू शकत नाही. उजव्या कोपऱ्यात जाड पडदा होता आणि पडद्याच्या खालच्या कडेशी एक बारीक निळा दिवा दिसत होता. पडदा सारला. मागे दहा इंची सबवूफर, चालू.

मी तो बंद करायला सांगितलं. काउंटरवरच्या मुलानं आधी मालकांकडे पाहिलं, मग बटण दाबलं. क्षणात शोरूममध्ये माझ्या घरचाच आवाज आला, तोच पोकळ, बारीक आवाज, जो मी इतके दिवस माझ्या भिंतींच्या माथी मारत होतो. मालक म्हणाले, "तो होम थिएटरचा आहे सर, नेहमी चालूच असतो." माफी नाही, ओशाळलेपण नाही. ॲम्पही तेव्हाच वाकून पाहिला, तर माझ्या तिप्पट ताकदीचा. परत घेण्याबद्दल विचारलं तेव्हा बिलामागचा बारीक छाप दाखवला.

त्या दिवशी कळलं की माझे कान पहिल्यापासून बरोबर होते. म्हणून पहिला सल्ला हाच: डेमो सुरू होण्याआधी खोलीतला प्रत्येक कोपरा स्वतः पाहा, टीव्हीच्या खाली आणि पडद्यामागेही, आणि दुसरं सगळं बंद करायला लावा. संकोच करू नका. चालू गाण्यात वूफरसमोर हात धरा. ऐकू येणाऱ्या बेसच्या मानानं कोन हलत नसेल तर बेस दुसरीकडून येतो आहे.

ॲम्पचं नाव आणि वॅट कागदावर लिहून घ्या. जमलं तर स्वतःचा ॲम्प घेऊन जा, जड असला तरी. संवेदनशीलतेचा आकडा इथे निर्णायक ठरतो. सहा डेसिबलचा फरक म्हणजे चौपट ताकद: ८३ डेसिबलच्या जोडीला जिथे ४० वॅट लागतात तिथे ८९ डेसिबलची जोडी १० वॅटमध्ये पोचते. ड्रमच्या ठोक्याला क्षणभर लागणारी ताकद सरासरीच्या कितीतरी पट असते, त्यामुळे पन्नास वॅटचा ॲम्प मंद स्पीकरवर लवकर गुदमरतो. आणखी एक पळवाट पाहून ठेवा. हा आकडा बहुधा २.८३ व्होल्टवर मोजलेला असतो. आठ ओमच्या स्पीकरला तो एक वॅट, चार ओमच्या स्पीकरला दोन. चार ओमवाल्याचे तीन डेसिबल तिथेच फुगलेले असतात.

दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी हवीच. जी जोडी किंचित मोठ्यानं वाजते ती कानाला आपोआप चांगली वाटते, आणि विकायची जोडी मोठ्यानं लावणं ही जुनी युक्ती आहे. फोनवरचं डेसिबल ॲप अचूक नसतं, पण एकच फोन एकाच जागी ठेवून दोन जोड्या जुळवायला पुरतं. शिवाय डोळे मिटून ऐका. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली दाखवून दिलं आहे की समोरचा स्पीकर दिसत असला की सरावलेल्या कानांचाही कौल बदलतो.

गाणी स्वतःची न्या. किक ड्रम आणि बेस गिटार वेगळे ऐकू येतात का, यासाठी रेज अगेन्स्ट द मशीनचा १९९२ सालचा पहिला अल्बम उत्तम. पण एक पथ्य पाळा. मेटॅलिकाचा २००८ सालचा 'डेथ मॅग्नेटिक' किंवा रेड हॉट चिली पेपर्सचा १९९९ सालचा 'कॅलिफोर्निकेशन' यांवरून स्पीकरला नापास करू नका. या तबकड्या इतक्या दाबून मोठ्या केल्या आहेत की कर्कशपणा मूळ मुद्रणातच आहे, आणि चांगला स्पीकर तो उघडा पाडणारच.

खोली. मालकांनी माझ्या खोलीला दोष दिला तो खोटा होता, पण खोलीचा वाटा असतोच. बारा फुटांची लांबी साधारण ४७ हर्ट्झला घुमते आणि दहा फुटांची ५६ ला. बेस गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची, त्यामुळे दहा फुटी हॉलमध्ये नेमका तोच सूर फुगतो. पडदे आणि गालिचा यांचा इतक्या खालच्या आवाजावर परिणाम होत नाही. बसायची जागा भिंतीपासून थोडी पुढे घ्या, दुसरा इलाज त्याहून महाग आहे. स्पीकरला मागच्या बाजूनं भोक असेल तर भिंतीपासून अंतर ठेवा. ते शक्य नसेल तर काही कंपन्या सोबत देतात ती फोमची बुचं त्यात बसवा. बेस कमी होईल, पण जो राहील तो आवळून येईल. स्टँड चांगले घ्या, तारांवर फार खर्च करू नका.

केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, अँटन हॉफमन, यांच्या नावानं एक नियम सांगतात: लहान पेटी, खोल बेस आणि जास्त संवेदनशीलता या तिन्हींपैकी कुठल्याही दोनच मिळतात. तिन्ही आहेत असं सांगणारा दुकानदार काहीतरी लपवतो आहे.

बिलाचंही सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पण बेस कमी असणं म्हणजे दोष नव्हे, असं दुकानदार म्हणणार, माझ्याही बाबतीत तसंच झालं. म्हणून 'घरी ऐकून पसंत न पडल्यास अमुक दिवसांत परत' हे शब्द बिलावर हातानं लिहून, शिक्क्यासह घ्या. त्या मुदतीत कुणी दोनशे तासांचं सांगू लागलं तर ऐकू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ती जोडी मी नुकसान सोसून विकली. आता हॉलमध्ये साडेसहा इंची वूफरची जोडी आहे, निम्म्याहून कमी किमतीची, आणि बंद पेटीचा एक लहान सबवूफर, उघड्यावर ठेवलेला. साडेसहा इंची कोनचं क्षेत्रफळ पाच इंचीच्या दीडपटीहून जास्त भरतं, आणि रॉकला ते लागतंच. दहा बाय बाराच्या खोलीत, पन्नास वॅटच्या ॲम्पवर रॉक ऐकणार असाल तर ८७ डेसिबलच्या खालची पाच इंची जोडी सबवूफरशिवाय घेऊ नका, मग ती कितीही नावाजलेली असो.