हाड वाढविणारे प्रथिन आणि जनुकीय सुरक्षिततेची कसोटी

हर्णे बंदरात मासळी उतरविताना घसरून नडगीचे हाड मोडलेले खलाशी आमच्याकडे नेहमी येतात. काहींचे हाड महिनोन्‌महिने जुळत नाही. मग प्रयोगशाळेत बनविलेले, हाड वाढविणारे प्रथिन वापरता येईल का, असे नातलग विचारतात, आणि पाठोपाठ, “त्याने पुढच्या पिढीला काही होणार नाही ना?” एका हितचिंतकांनी या औषधासाठी देणगीही देऊ केली. म्हणून ही माहिती देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

खनिजे काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवल्यास तेथे नवे हाड तयार होते, हे डॉ. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवून दिले. त्यामागील प्रथिनांपैकी ‘बीएमपी-२’ पुढे हॅमस्टरच्या पेशींत मानवी जनुक घालून बनविण्यात आले. अमेरिकेत त्यास मणके सांधण्यासाठी २००२ साली, तर नडगीच्या उघड्या अस्थिभंगासाठी २००४ साली मान्यता मिळाली.

औषध जनुकांना इजा करते का, हे पाहण्याची प्रचलित रीत म्हणजे एम्स चाचणी. हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जिवाणू, ते जवळजवळ नसलेल्या माध्यमावर ठेवतात. औषधाने जनुकात बदल घडल्यास काही जिवाणूंना ती क्षमता परत मिळते व त्यांच्या वसाहती वाढतात. प्रथिनाच्या बाबतीत मात्र ही कसोटी अडखळते. प्रथिनातच हिस्टिडिन असते. ते सुटे झाले तर जनुक न बदलताही वसाहती वाढून परीक्षकाची फसगत होऊ शकते. शिवाय एवढा मोठा रेणू जनुकापर्यंत पोहोचत नाही. तो पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटून बाहेरूनच वाढीचा निरोप धाडतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अशा प्रथिनांना या चाचण्या सरसकट लागू केलेल्या नाहीत.

तेव्हा पुढच्या पिढीविषयी भीती बाळगण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. खरी शंका निराळी आहे. शरीरात आधीच असलेल्या कर्कपेशींनाही तो वाढीचा निरोप पोहोचला तर? याचे उत्तर जनुकीय चाचणी देत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र पुनर्विश्लेषणांत मणक्याच्या रुग्णांमध्ये कर्करोगाचे प्रमाण काहीसे अधिक आढळले. परंतु असे रुग्ण मोजकेच असल्याने ठाम निष्कर्ष निघाला नाही. कमरेच्या हाडाच्या कलमापेक्षा ठळक लाभही दिसला नाही.

गर्भवती, वाढत्या वयाची मुले आणि कर्करुग्ण यांच्यासाठी हे प्रथिन वर्ज्यच आहे. इतरांसाठीही रुग्णाच्या स्वतःच्या कमरेच्या हाडाचे कलम हाच आमचा पहिला पर्याय राहिला आहे. उपरोक्त देणगी, हितचिंतकांच्या संमतीने, त्याच शस्त्रक्रियांच्या खर्चाकडे वळविण्यात आली आहे.