मनातले ओझे कागदावर

शरीराची जखम दिसते, मनाची दिसत नाही. एखाद्या पंथाच्या जाचातून सुटलेल्या आणि त्यातच घरचे माणूस गमावलेल्या व्यक्तीचे दुःख दुहेरी असते. शिवाय 'आपण फसलोच कसे?' ही लाज तोंड उघडू देत नाही.

डेबोरा लेटन यांचे उदाहरण पाहा. जिम जोन्सच्या 'पीपल्स टेम्पल' पंथाच्या गयानातील जोन्सटाउन वसाहतीतून त्या मे १९७८ मध्ये निसटल्या. त्यांची आई मागेच राहिली आणि तिथेच कर्करोगाने वारली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला तेथे ९०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, बहुतेक विषाने. लेटन यांचे आठवणींचे पुस्तक १९९८ मध्ये आले. मनाला इतका वेळ लागू शकतो.

लिहिल्याने विस्कटलेल्या आठवणींना क्रम लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज १५ मिनिटे लिहिले. दुःखाची घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना आधी वाईट वाटले. पण पुढील काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या.

पथ्ये थोडीच आहेत. दुःख अगदी ताजे असताना घाई करू नये. शुद्धलेखनाकडे पाहू नये. वही कोणाला दाखवलीच पाहिजे असे नाही. झोप उडाली किंवा जीव नकोसा वाटला, तर लिहिणे थांबवून मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक मोफत आहे. लिखाण उपचाराला जोड आहे, पर्याय नव्हे.