साबणातली रेघ

परवा साबणाची लादी कापलीस आणि लगेच फोन केलास, "मावशी, सगळे रंग एकमेकांत मिसळून राख झाली." फोनवर नीट सांगता येईना, म्हणून बसून लिहिते आहे. तुझ्या रंग फिरवायच्या काडीत खोट नाही आणि हातातही नाही. तू दोन मिनिटं लवकर ओतलंस आणि मग दहा वेळा ढवळलंस, एवढंच झालं.

साबण ओतताना मी घड्याळाकडे बघत नाही, पिठाकडे बघते. तू घावनं घालतेस ना? मग तुला अर्धं येतंच. कॉस्टिकचं पाणी तेलात गेलं की रवी थोडी फिरवायची. वर तेलाचे तवंग दिसायचे थांबले आणि मिश्रण घावनाच्या पिठाइतकं दाट झालं की बारीक, लांब रेघांची वेळ आली. चमच्यातून पडलेली धार वर क्षणभर दिसून हळूच बुडायला लागली, म्हणजे ते आंबोळीचं पीठ. मोठ्या लाटा आणि ठसठशीत नक्षी त्याच वेळी उठते. बटाटेवड्याच्या पिठाइतकं घट्ट झालं की काडी लावूच नकोस. त्याचे वरचे तुरे काढायचे आणि गप्प बसायचं. ब्लेंडर पाच-पाच सेकंदच लाव, मधल्या वेळात हातानं फिरव. ब्लेंडर सलग धरलास तर घावनावरून वड्यावर कधी पोचलीस ते कळणारही नाही.

आता तेलाचं. रंग खेळवायचे असतील तर सावकाश घट्ट होणारं मिश्रण हवं. माझं माप लिहून घे. ऑलिव्ह 650 ग्रॅम, खोबरेल 300, एरंडेल 50. त्याला कॉस्टिक सोडा 141 ग्रॅम आणि पाणी 310. यात पाच टक्के तेल जास्तीचं राहतं, त्यानं वडी अंगाला बोचत नाही. हे माप याच तेलांचं आहे. ऑलिव्हऐवजी दुसरं कुठलं तेल घातलंस तर सोड्याचा हिशेब पुन्हा कर. ऑलिव्हमध्येही पोमेस म्हणून मिळतं ते भराभर घट्ट होतं, नक्षीसाठी ते घेऊ नकोस. सगळं वजनावर मोज, वाटीवर नाही. सोडा प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांच्या दुकानात मिळतो. मोरी तुंबल्यावर टाकतात ती पूड चालणार नाही. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. ॲल्युमिनियमचं पातेलं, चमचा काहीही जवळ नको, स्टीलच घे. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि पोरं खोलीत असताना तर अजिबात नाही. उडालंच अंगावर, तर आधी नळाखाली हात धर, बाकी सगळं नंतर.

तेलाचा विषय निघाला म्हणून सांगते. अर्देशीर गोदरेजांनी 1897 साली आपल्या लालबागेतच कुलपांचं काम सुरू केलं. पुढे त्यांनी चरबी न घालता नुसत्या वनस्पती तेलाचा 'चावी' साबण काढला. आपल्या भागाला साबण परका नाही.

रंग निवडताना एक लक्षात ठेव. कॉस्टिकला सगळेच रंग झेपत नाहीत. बीट तपकिरी पडतं. पालक दोन महिन्यांत उडतो. हळद सोड्याशी भेटली की आधी लालभडक होते आणि मग पिवळट पडत जाते. ती मला आवडते, पण उजेडात विटते हे माहीत असू दे. बाजारचं कुंकू, खायचे रंग, कपड्यांची नीळ यांना हात लावू नकोस. टिकतात ते पदार्थ थोडेच. कोळशाची बारीक पूड काळ्यासाठी, खऱ्या नीळवनस्पतीची पूड करड्या निळ्यासाठी, मंजिष्ठा गुलाबी-जांभळ्यासाठी. गेरूसारखा लाल हवा तर सौंदर्यप्रसाधनांसाठी शुद्ध केलेलं आयर्न ऑक्साइड आण, रांगोळीचा गेरू नको. रंग आधी वाटीत एक चमचा पुडीला तीन चमचे तेल घेऊन चांगला घोटायचा. कोरडी पूड थेट टाकलीस तर वडीवर ठिपके राहतात आणि आंघोळीत हाताला डाग पडतात.

एकूण मिश्रणाचा निम्मा भाग पांढरा ठेव. रंग उठतो तो मोकळ्या जागेमुळे, तुझ्या तर चारही वाट्या रंगलेल्या होत्या. दुसरं, सगळ्या वाट्या सारख्याच घट्ट असल्या पाहिजेत. एक पातळ राहिली तर ती घट्टाखाली घुसते आणि नक्षीचा चिखल होतो. ओतताना धार साच्यापासून उंच धरलीस तर रंग खोल जातो, जवळून धरलीस तर वर राहतो. एकाच ओतण्यात उंच-जवळ केलंस की पोटात आपोआप कमानी तयार होतात, काडीची गरजही लागत नाही.

हँगरची तार वाकवून साच्याच्या लांबीइतकी करून घे. लोखंडी, वर प्लास्टिक असलेली. एका भिंतीलगत तळाशी उतरव, वर उचल, थोडी सरकव, पुन्हा उतरव. पाच फेऱ्या पुरेत. नंतर तार एका बाजूनं हळूच वर काढ आणि साच्याला हात लावू नकोस. आडवी कापलीस की प्रत्येक वडीत वेगळी पिसं दिसतील. भांड्यातच रंग मिसळायचे असले तर वरून टाकून एकच फेरी, फार तर दीड.

सुगंधाचा घाव मी खाल्लाय. मोगऱ्याचा एक सुगंध घेतला, हुंगायला सुरेख. तो पडला आणि चमचा पातेल्यात उभा राहिला, अर्ध्या मिनिटात दगड. रंगाच्या तीन वाट्या बाजूला तशाच पडून होत्या. तेव्हापासून नवा सुगंध आधी शंभर ग्रॅमवर घालून बघते. लवंग आणि दालचिनी घट्टपणा पळवत आणतात, लव्हेंडर मात्र शांत असतं. व्हॅनिला घातलीस तर पांढरा भाग काही दिवसांत खाकी होईल, तो रंग मनात धरूनच घाल.

मुंबईच्या हवेचं सांगून थांबते. मे महिन्यात लादी गोधडीत गुंडाळू नकोस. आतून फार तापते आणि तुझ्या रेघांवर पाणी पडतं. जानेवारीत मात्र गुंडाळ, रंग खुलतो. जुलैत वड्यांवर घामाचे थेंब दिसतील, ते ग्लिसरीननं हवेतून ओढलेलं पाणी आहे, घाबरू नकोस. पुसून जाळीवर मोकळ्या ठेव, एकमेकींना टेकवू नकोस. वापरण्याआधी चार आठवडे हवेतच, सहा झाले तर उत्तम.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला आपल्या घरी मोती साबण असतो, तो असू देच. त्याच्या शेजारी तुझी वडी ठेवायची असेल तर अनंत चतुर्दशीला निघालेला लालबागचा राजा चौपाटीवर गेला की लगेच तेल मोजायला घे. मध्ये अधिक मास नसला तरी तिथून नरकचतुर्दशीपर्यंत सहा आठवडे पुरे मिळतात.