चांदोलीचें अरण्य

औंधच्या मूळपीठाच्या डोंगरावरून पाहिलें असतां आम्हांस सभोंवार उघडे माळ व बोडके डोंगर दिसतात. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीला अडून तेथेंच बहुतेक रिते होतात; आमच्या वांट्यास थोडें उरतें. तो पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर ज्या दाट रानांना पोसतो, त्यांपैकीं एक चांदोलीचें होय. १९८५ सालीं तें अभयारण्य झालें व २००४ सालीं राष्ट्रीय उद्यान. सुमारें ३१७ चौरस किलोमीटरांचें हें क्षेत्र सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी ह्या चार जिल्ह्यांत पसरलें आहे.

उद्यान म्हणजे फुलबाग असें मात्र कोणी समजूं नये. येथें प्रत्येक जीवाचें घर निराळें आहे. अंजन, जांभूळ, हिरडा यांच्या राईंत शेकरू राहतें. ही मोठी खार फांदीवरून फांदीवर जाते, जमिनीवर क्वचितच उतरते. मधलीं झाडें तुटलीं कीं तिची वाट तुटली. धनेश पक्षी रानफळें खाऊन त्यांचें बीं दूरवर टाकतो. जें रान त्याला पोसतें तेंच तो पेरतो. सांबर व भेकर यांवर बिबट्या आणि कोळसुंदे जगतात. जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यांत ओसाड भासतात, परंतु पावसाळ्यांत फुलांनीं भरून जातात. अशा सड्यांवरील 'सीतेचीं आसवें' ही वनस्पति, माती निकस असल्यामुळें, पाण्यांतील सूक्ष्म जीव पकडून आपलें पोषण करते.

ह्या रानाचा आम्हांशीं संबंध काय? पालापाचोळा व मुळें पावसाचा वेग मोडून पाणी जिरवितात. येथूनच वाहणाऱ्या वारणेवर चांदोलीस धरण बांधल्यानें वसंतसागर जलाशय झाला. पुढें ती नदी सांगलीजवळ हरिपूर येथें कृष्णेस मिळते. रान राखणें म्हणजे खालच्या गांवांचें पाणी राखणें होय.

परंतु ह्याची किंमत कोणीं दिली? धरणासाठीं व अभयारण्यासाठीं अनेक गांवांना पिढीजात घरें, देवळें, शेतें सोडून दूर जावें लागलें. त्यांच्या जुन्या शेतांत आज गवत माजलें असून तेथें गवे चरतात. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील इतर स्थळांसह चांदोलीची जागतिक वारशांत गणना झाली. त्या सन्मानांत ह्या गांवकऱ्यांचाही वांटा आहे. ज्या रानासाठीं माणसांनीं आपलीं घरें दिलीं, तेथें सहलीस जाऊन एक डहाळी मोडण्याचाही अधिकार आम्हांस नाहीं.