टोकन देण्याआधी एवढं विचार

अगं, फ्लॅटचं टोकन द्यायची घाई चाललीय ना? पाणी, पार्किंग, शाळा, सगळं विचारून झालं असेल. आता माझं एक ऐक. उद्या जमीन हलली तर पैसे कुणाचे बुडणार, हे विचारलंस?

‘आपल्याकडे कुठला आलाय भूकंप’ म्हणू नकोस. भूकंपाच्या धोक्याचा सरकारी नकाशाही तसंच म्हणत होता. लातूरकडच्या किल्लारीचा भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होता. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बोळवून दमलेली माणसं झोपेत असताना पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या भिंती आणि वरचं माळवद अंगावर आलं. सरकारी आकड्यानुसारच जवळपास आठ हजार माणसं गेली. तिथला झोन बदलला तो 2002 च्या नकाशात. तू घर घेतेयस ते पुणं त्याच नकाशात झोन 3 मध्ये आहे. अहमदाबादही त्याच झोनमधलं. 2001 च्या भूकंपाचं केंद्र तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब, भुजजवळ होतं, तरी अहमदाबादेत इमारती बसल्या. त्यातल्या कितीतरी खाली पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर उभ्या होत्या. म्हणून पार्किंगचं विचारतेस तेव्हा त्या खांबांचंही विचार. बिल्डर वैतागला तर वैतागू दे.

आता विमा. कर्जासोबत बँकेनं गळ्यात घातलेली पॉलिसी बहुतेकदा कर्जदाराच्या जिवाची असते, घराची नाही. घर पडलं तरी हप्ते थांबत नाहीत, बाई. 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते आणि तिच्यात भूकंप धरलेला असतो. रक्कम मात्र फ्लॅटच्या बाजारभावावर काढू नकोस, बांधकामाच्या खर्चावर काढ. पुण्यात भावातला मोठा वाटा जमिनीचा, आणि जमीन काही कोसळत नाही. तेवढा भाग वगळलास की वर्षाचा हप्ता महिन्याच्या ईएमआयच्या जवळपासही जात नाही.

एकटीनं काढून भागत नाही, हेही सांगते. चौथ्या मजल्यावरचं तुझं घर खालच्या तिघांशिवाय परत उभं राहील का? सोसायटीच्या सभेत अख्ख्या इमारतीच्या विम्याचा विषय काढ. लोक नाकं मुरडतील, तू रेटून धर.

आणि घर परत उभं राहिलं तरी सगळं परत येत नाही. भूकंपानंतर किल्लारीच्या भागात 52 गावं नव्या जागी वसवली. ज्याच्याकडे जमीन जेवढी, त्यानुसार 250, 400 नाहीतर 750 चौरस फुटांचं घर. भिंती पक्क्या झाल्या, रस्ते रुंद झाले, पण जुन्या आळीतला शेजार विस्कटला. पोर जिच्याकडे टाकून रानात जायचं, ती शेजारीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. हे नुकसान कुठल्या पंचनाम्यात लिहीत नाहीत, आणि कुठली कंपनी भरूनही देत नाही.

तेव्हा टोकन दोन दिवस थांबव. पॉलिसीतलं ‘काय भरून मिळणार नाही’ हे पान आधी मला व्हॉट्सॲपवर पाठव, दोघी मिळून वाचू.